गुलाबी बगळ्यांची भिंत

लताबाई गव्हाणे लिफ्टमधून बाहेर पडल्या, भावाच्या उघड्या दारातून त्यांनी आत पाहिलं आणि इगतपुरीहून आणलेली तांदळाची पिशवी हातातच धरून म्हणाल्या, "हे काय गं तृप्ती, केळीच्या बागेत बगळे सोडले का काय?"

दारासमोरची भिंत ओळखू येत नव्हती. मागे आल्या तेव्हा तिथे साधा पांढरा रंग होता, गणपतीची तसबीर होती आणि खाली चपलांचं कपाट होतं. आता जमिनीपासून छतापर्यंत काळपट हिरवा कागद चिकटवला होता. त्यावर माणसाएवढाली केळीची पानं, आणि पानापानांतून लांब मानेचे, काटकुळ्या पायांचे गुलाबी पक्षी डोकावत होते. त्यातल्या एकाने तर मान अशी वाकडी केली होती, की आलेल्या पाहुण्याची त्याला किळसच आली असावी.

"ताई, ते फ्लेमिंगो आहेत," भावजय म्हणाली. "इम्पोर्टेड वॉलपेपर आहे हा."

"असतील. पाय बगळ्याचेच हायेत."

भिंतीला लागून एक उंच, अरुंद टेबल होतं. त्याला कन्सोल म्हणायचं असं तृप्तीने सांगितलं. इतकं अरुंद, की त्यावर जेवणाचं ताट ठेवलं तर अर्धं बाहेर लोंबेल. पण त्यावर ताट ठेवायचंच नव्हतं. किल्ली ठेवायची नव्हती, दुधाची पिशवी ठेवायची नव्हती, हातसुद्धा टेकवायचा नव्हता. त्याच्या वर सोनेरी कडेचा गोल आरसा. टेबलावर एका अंगाला उंच फुलदाणीत वाळलेल्या गवताचे झुबके, मधे पितळेची पसरट, परातीसारखी उरळी, दुसऱ्या अंगाला एकावर एक रचलेली जाडजूड पुस्तकं आणि त्यांच्या डोक्यावर मेणबत्ती. मेणबत्ती पेटवायची नव्हती. लताबाईंनी ती उचलून बाजूला ठेवली आणि वरचं पुस्तक उघडलं, तर आत पानंच नव्हती. पुठ्ठ्याचा रिकामा खोका, वरून पुस्तकाचं सोंग.

"आणि हे गवत? आमच्याकडं पावसाळ्यानंतर रानभर असतं. म्हैस तोंड लावत नाय त्याला."

"पाम्पास म्हणतात ताई त्याला."

"म्हैस नावं विचारत नाय."

तृप्ती हसली, कारण नणंदेच्या बोलण्यावर हसून मोकळं व्हायचं ही तिची जुनी युक्ती होती. लताबाई हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या आणि ठेवायला जागा शोधू लागल्या. कपाट गेलं होतं. भिंतीचा तोल बिघडतो म्हणून हर्षाली नावाच्या त्या सजावटवाल्या मुलीने ते काढायला लावलं होतं. हर्षालीचं म्हणणं, घरात शिरल्या शिरल्या ही भिंत बोलली पाहिजे. ती बोलावी म्हणून सगळं केलं. फक्त आपल्याकडे माणूस घरात येताना पायातलं काढतो, एवढंच कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. आता येणारा प्रत्येकजण हातात चपला धरून गोल गोल फिरे आणि शेवटी त्या समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराशी नेऊन ठेवी. समोरचे लोक तीन दिवस तोंड वाकडं करून होते. लताबाईंना त्या समोरच्यांबद्दल, न बघताच, आपुलकी वाटली.

त्यांना तशी थोड्याच गोष्टींबद्दल आपुलकी वाटे. इगतपुरी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. नवरा रेल्वेत होता, तो काविळीने गेला, त्याच्या जागी यांना घेतलं. आंब्याच्या पेट्या, मोटारसायकली, लग्नाचे रुखवत, कोणाकोणाच्या आयुष्याची गाठोडी त्यांच्या हाताखालून गेली. वेष्टन बघून त्यांना कधी भूल पडली नाही. ज्या खोक्याला दोऱ्या जास्त आणि लाखेचे शिक्के जास्त, त्यात फुटका माल हमखास, असं त्या म्हणत आणि माणसांनाही हाच नियम लावत. त्यात तृप्तीचा नंबर पहिला. लग्न झाल्यावर ती पहिल्यांदा इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी तिने रुमालाने खुर्ची पुसली होती. खुर्ची मळलेली होती हे खरं. पण लताबाईंनी ते मनात ठेवलं ते ठेवलंच. पुढे भावाचा नाशिकला अंबडमध्ये कारखाना निघाला, फ्लॅट झाला, गाडी झाली, आणि दर खेपेला लताबाई एखादी नवी वस्तू बघून यायच्या आणि ऑफिसातल्या बायकांना सांगायच्या, "नाकापेक्षा मोती जड झालाय आमच्या भावजयीला."

रविराज मात्र त्या हिशेबात कधी आला नाही. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. लताबाईंनी त्याला आपल्या क्वार्टरमध्ये आणून ठेवलं, ड्यूटीच्या आधी त्याचा डबा केला, ड्यूटीनंतर त्याचे शर्ट धुतले, डिप्लोमाला नाशिकला घातलं. घरात आणलेल्या वस्तूंचं पाप बायकोचं आणि पुण्य भावाचं, अशी त्यांची सरळ वाटणी होती. रवी साधा आहे, बायकोच्या ताटाखालचं मांजर झालाय, बाकी काही नाही, असं त्या म्हणायच्या आणि त्यांना ते पटायचं.

रवीचं लग्न झालं, तेव्हा लताबाईंचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. नवरा-नवरी दारात आली की बहिणीने दार अडवायचं, मागायचं ते मागायचं आणि भावाने हो म्हटल्याशिवाय आत सोडायचं नाही. त्यासाठी लताबाई उठल्याही होत्या. पण चुलती कुसाबाईने त्यांचा दंड धरला आणि कानात म्हणाली, "तू आत बस गं पोरी. शुभकार्य हाय." दार दुसऱ्याच चुलतबहिणीने अडवलं. लताबाई चुलीजवळ बसून दारातला हशा ऐकत राहिल्या. मग रवी मुंडावळ्या तशाच लोंबत असताना आत आला आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "ताई, मला मूल होईल, त्याच्या लग्नात दारात तूच उभी राहशील. बघू कोण अडवतं."

लताबाईंनी तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. पण जगातल्या प्रत्येक माणसाला पारखून घेणाऱ्या बाईने ते एक वाक्य न पारखता उचललं आणि जपून ठेवलं. सनी जन्मला, शाळेत गेला, इंजिनिअर झाला. त्याला बहीण नव्हती. म्हणजे दारातला मान आत्याचाच. लताबाईंनी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. जिला सगळ्याच गोष्टी फालतू वाटतात, तिने अशा गोष्टीसाठी जीव टाकावा हे शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. पण सनीचं लग्न येवल्याच्या चैतालीशी ठरलं, त्या दिवशी त्यांनी घोटीच्या बाजारात जाऊन मापासाठी नवे, वासाचे तांदूळ घेतले आणि स्वतःच्या हाताने निवडले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी रविराज चहाचा कप घेऊन बाल्कनीत त्यांच्याजवळ येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. मंडपवाला कसा, लॉन्सवाल्याने पार्किंग कसं दिलं. लताबाई वाट बघत राहिल्या. बोलायचं ते सोडून हा भाऊ कपाकडे बघत बोलतो, म्हणजे काहीतरी आहे, हे त्यांनी शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ओळखलं होतं.

"ताई, ते दारातलं," तो म्हणाला. "ते सगळं तृप्तीनं आणि त्या हर्षालीनं ठरवलंय. भिंतीपुढे फोटो निघणार ना. मग साडीचा रंग, उभं कोणी राहायचं, त्यांचं काय काय असतं. तर ओवाळायला संजना उभी राहील म्हणे." संजना ही तृप्तीची धाकटी बहीण. "तू आतून माप भरून दे. माप भरायचा मान काय कमी असतो का?"

"नसतो," लताबाई म्हणाल्या.

"तुला वाईट नाही ना वाटलं?"

"बगळ्यांना शोभेल असं माणूस पाहिजे. माझं काय."

तो सुटल्यासारखा हसला आणि उठून गेला. लताबाईंचा चहा कपातच निवला. साडीच्या रंगाचं कारण भावाने दिलं आणि त्यांनी ते तोंडावर ऐकून घेतलं, पण त्या काय कुकुलं बाळ नव्हत्या. रंग साडीचा नडत नव्हता. नडत होतं ते कपाळ. आणि हे कोणाचं डोकं, तेही त्यांना सांगावं लागत नव्हतं. परदेशातनं कागद आणून भिंतीला चिकटवायचा, पुस्तकांचे खोके मांडायचे, आम्ही कसे पुढारलेले म्हणून दाखवायचं, आणि दारात मात्र विधवा नको. बरं, नको तर नको म्हणावं. कुसाबाई अडाणी होती, पण तिने दंड धरून तोंडावर सांगितलं होतं. हिला तेवढाही दम नाही; नवऱ्याच्या तोंडून, भिंतीच्या आडून बोलते. लताबाईंना कुसाबाईची इतक्या वर्षांनी पहिल्यांदा किंमत कळली.

दिवसभर त्या त्या भिंतीकडे बघत राहिल्या. बघण्यासारखं भरपूर होतं. पाहुणे येत होते, चपला हातात धरून थबकत होते, "वा, काय भिंत केलीये" म्हणत होते आणि आरशात स्वतःचे केस नीट करून आत जात होते. एक जाडजूड मामा कन्सोलवर कोपर टेकायला गेला, तर तृप्ती स्वयंपाकघरातून ओरडत आली. एका बाईंनी नातवंडाला त्या पक्ष्याला हात लावू दिला आणि तृप्तीने हसत हसत त्या पोराचा हात पुसला, मग भिंत पुसली. लताबाईंनी हे सगळं बसल्या जागेवरून पाहिलं. इतक्या निर्बुद्ध बाईने आपली जागा घेतली याची त्यांना चीड आली. आणि त्याहून जास्त याची, की ती घेतली एका भिंतीसाठी.

लग्न लागलं. गंगापूर रोडच्या लॉन्सवर चांगली शेकडो माणसं जेवली. लताबाईंनी अक्षता टाकल्या, विहिणीशी चार शब्द गोड बोलल्या, चैतालीच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगी त्यांना आवडली. येवल्याच्या मास्तरांची मुलगी; तोंडावर मेकअपचा थर होता, पण त्यातूनही चेहरा धड दिसत होता. ऊन कलायच्या आत त्या बायकांबरोबर पुढे घरी आल्या. स्वयंपाकघरात पाटावर पितळी माप ठेवलं, तांदूळ काठोकाठ भरले, वर सुपारी ठेवली. बाहेर दारात तृप्ती आणि संजना फोटोग्राफरच्या सांगण्यावरून इकडे सरक तिकडे सरक करत होत्या. फोटोग्राफर बाहेर लिफ्टपाशी उभा होता, म्हणजे फोटोत ओवाळणारी बाई आणि तिच्यामागे सगळी भिंत यावी.

"माप द्या ताई," तृप्ती आत येऊन म्हणाली.

लताबाईंनी माप दिलं. दिलं आणि हात रिकामे झाल्यावर त्यांना वाटलं, आता परत चुलीजवळ बसून दारातला आवाज ऐकायचा. गॅसच्या शेगडीला चूल म्हणत नाहीत, एवढाच काय तो फरक.

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि त्या उठल्या.

त्या दारात आल्या, तेव्हा संजनाने ताट उचललेलं होतं. उंबरठ्यावर माप मांडलेलं, बाहेर सनी आणि चैताली, त्यांच्यामागे रविराज, त्याच्यामागे कारखान्यातली माणसं, येवल्याची माणसं, जिन्यापर्यंत. लताबाई संजनाच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी चौकट धरली.

"आत्या, साइडला," फोटोग्राफर म्हणाला.

"तू तुझं बघ," लताबाई म्हणाल्या. मग भावाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा पण शांत आवाजात म्हणाल्या, "रवी, तुझ्या लग्नात माझं दार अडवायचं राहिलंय. ते आज अडवते."

लोक हसले. मान आहे आत्याचा, कोणीतरी म्हणालं. मागा, मागा, भरपूर मागा. सनीही हसला. रविराज हसला नाही.

"काय पाहिजे ताई?"

"वस्तू काही नको. एक खरं सांग, मी दार सोडते. मला आत का बसवलं?"

हसू हळूहळू ओसरलं. रविराजने मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "ताई, आत्ता कशाला? सांगितलं ना तुला. ते तृप्तीचं, त्या भिंतीपुढे—"

"माझं काय?" तृप्ती म्हणाली.

लताबाई वळल्या. तृप्ती कन्सोलजवळ उभी होती. फुलदाणी थोडी डावीकडे सरकवत होती, ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर फक्त वैताग होता. संध्याकाळचा उजेड जात होता आणि तिचा फोटो लांबत होता.

"मला कशाला मधे घालता?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी ताईंनाच उभं करणार होते. त्यांना साडीपण आणली, मोतिया रंगाची, या भिंतीपुढे उठून दिसेल अशी. कपाटात पडलीये ती. तुम्हीच म्हणालात ना, पोराच्या संसाराची सुरुवात आहे, विधवेच्या हातानं नको. मी म्हटलं, अहो, आता कोण मानतं हे. तर म्हणे चारचौघं येणार, कोणी काही बोललं तर? आणि आता खापर माझ्या वॉलपेपरवर."

तिला तारतम्य कधीच नव्हतं. तो शब्द तिने सगळ्या पाहुण्यांसमोर, फुलदाणीला हात लावून, दुधाचा रतीब सांगावा तसा सांगून टाकला. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. जिन्यावर कोणीतरी खोकलं.

लताबाईंना राग यायला हवा होता. राग त्यांना कधीही, कोणाचाही, बसल्या जागी येत असे. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि राग शोधला, पण त्याच्यासाठी त्यांनी कधी साठवलाच नव्हता. सगळाच्या सगळा या बाईवर, तिच्या पडद्यांवर, तिच्या कपबशांवर खर्च करून ठेवला होता. रविराज खाली मापाकडे बघत होता. टाय बांधलेला, पोट सुटलेला, कानामागे केस पांढरे झालेला माणूस, लोक काय म्हणतील म्हणून भ्यालेला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर लताबाईंनी त्याची एका वाक्यात वाट लावली असती.

"खरं हाय का रे?" त्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली. हो अशी होती का नाही अशी, ते कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

लताबाईंनी चौकटीवरचे हात काढले. "बरं. सांगितलं कोणीतरी. दार सोडलं मी."

त्या आत वळणार, तोच तृप्तीने बहिणीच्या हातातलं ताट घेऊन त्यांच्या हातात दिलं. "कुठं चालला आता? ओवाळा ना. उजेड जातोय." त्यात ना माफी होती, ना मोठेपणा. तिला फोटो हवा होता, आणि दारात आत्या हवी होती. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच वाटत होत्या. लताबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. बाई बावळटच होती. पण तिच्या खोक्यावर जे लिहिलं होतं, तेच आत होतं.

त्यांनी ताट घेतलं. सनीला कुंकू लावलं, चैतालीला लावलं, ओवाळलं, भाकरतुकडा उतरवून टाकला. "आत्या, मी नाव घेऊ का आधी?" चैतालीने हळूच विचारलं, आणि त्या म्हणाल्या, "घे की. कोणाला घाबरतीस?" पोरीने नाव घेतलं, उजव्या पायाने माप लवंडलं, तांदूळ घरंगळत थेट त्या टेबलाखाली गेले. तृप्तीने डोळे मिटून घेतले. दोघं वाकून लताबाईंच्या पाया पडली आणि आत गेली. लोकांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, कारण न बोलणं जास्त अवघड झालं होतं.

मग रविराज पुढे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. कोणाकडेही न बघता, लहानपणी परीक्षेला निघताना वाकायचा तसा तो बहिणीच्या पायाशी वाकला.

लताबाईंनी पाय मागे घेतले.

"राहू दे, रवी," त्या म्हणाल्या. "सुनेचं पहिलं पाऊल पडलंय घरात. अशा वेळी विधवेच्या पाया पडू नये. लोक काय म्हणतील?"

आणि हातातलं ताट सांभाळत, दारातून बाजूला होऊन, त्यांनी त्याला त्याच्या घरात जायला वाट करून दिली.